ब्रांकुशीच्या शिल्पातील पाषाण आणि ब्राँझ

कॉन्स्टँटिन ब्रांकुशी ह्या रूमानियन शिल्पकाराविषयी आजवर जे लेखन झाले आहे, त्यात दोन प्रकारची प्रशंसा नेहमी जोडीने येते. पहिली अशी की, वस्तूचे बाह्य रूप बाजूला सारून त्याने तिचे सार पकडले. पक्षी सोडून उड्डाण घेतले, मासा सोडून पाण्यातली त्याची चपळाई घेतली. दुसरी अशी की, विसाव्या शतकाच्या आरंभी शिल्पकाराला पाषाणाशी पुन्हा प्रत्यक्ष भिडावयास त्याने शिकविले आणि द्रव्याशी इमान राखणे हा शिल्पाचा धर्म ठरविला. ही दोन विधाने अनेकदा एकाच परिच्छेदात सुखाने नांदताना दिसतात. वस्तुतः त्यांचे एकमेकींशी पटणे कठीण आहे. आकाराचे सार द्रव्यनिरपेक्ष असेल, तर ते संगमरवरात उतरले काय आणि ब्राँझमध्ये उतरले काय, सारखेच. मग द्रव्याशी इमान राखण्याला अर्थ उरत नाही. उलट, द्रव्यच आकार ठरवीत असेल, तर एकच आकार दोन द्रव्यांत सिद्ध करणाऱ्याने निदान एकाशी तरी प्रतारणा केली असली पाहिजे. ब्रांकुशीने तर हे आयुष्यभर केले. 'निद्रिस्त कलादेवी', 'कुमारी पोगानी', 'राजकन्या क्ष', 'लीडा', 'मत्स्य', 'अवकाशातील पक्षी' ह्या त्याच्या कृती संगमरवरात आहेत, तशाच ब्राँझमध्येही आहेत. तेव्हा त्याच्या निर्मितीविषयी बोलावयाचे तर ह्या जोड्यांपासूनच आरंभ करणे इष्ट होय. त्याच्या लाकडी शिल्पांचा प्रश्न निराळा आहे. तो येथे विचारात घेतलेला नाही.

ब्रांकुशीचा जन्म १८७६ साली रूमानियातील गोर्ज प्रांतात, होबित्सा ह्या खेड्यात झाला. क्रायोव्हा येथील कलाकौशल्याची शाळा, बुखारेस्टचे कलाविद्यालय आणि १९०४ नंतर पॅरिस असा त्याच्या शिक्षणाचा क्रम आहे. १९०७ साली तो रोदँच्या कार्यशाळेत काही काळ राहिला आणि लवकरच तेथून बाहेर पडला. ह्या बाहेर पडण्याचे वर्णन चरित्रकार मोठ्या रसाने करतात. त्यामागचा कलाव्यवहार मात्र अधिक महत्त्वाचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिल्पकार म्हणजे मातीत काम करणारा माणूस असे समीकरण झाले होते. मातीच्या नमुन्यावरून प्लास्टर काढावयाचे. प्लास्टर पाथरवटाकडे गेले की पॉइंटिंग यंत्राच्या मापांनी तो ते संगमरवरात उतरवी, ओताऱ्याकडे गेले की तो ते ब्राँझमध्ये ओती. रोदँच्या संगमरवरी कृतींपैकी फार मोठा भाग त्याच्या मदतनिसांच्या छिन्नीतून आलेला आहे, आणि त्याच्या 'चुंबन' ह्या शिल्पाच्या लहान ब्राँझ आवृत्त्या शेकडोंनी निघाल्या. आपल्याकडील कलाशाळांतही हीच परंपरा आली. म्हात्रे यांची 'मंदिरपथगामिनी' १८९६ साली प्लास्टरमध्ये प्रकटली आणि प्लास्टरमध्येच कीर्ती पावली, हे ह्या संदर्भात ध्यानी घेण्याजोगे आहे. ह्या पद्धतीत विचार मातीत होतो. पाषाण आणि ब्राँझ हे त्या विचाराचे नकलनवीस ठरतात. दोन्ही द्रव्यांना सारखाच मान, म्हणजे दोहोंनाही मान नाही.

१९०७ हे वर्ष ब्रांकुशीच्या बाबतीत दुभंगलेले दिसते. बुझाउ येथील स्मशानभूमीसाठी त्याने केलेली 'प्रार्थना' ही गुडघे टेकलेली नग्न स्त्रीमूर्ती मातीतून ब्राँझमध्ये जाणाऱ्या जुन्या मार्गानेच आलेली आहे. तपशील गाळण्याची वृत्ती तीत स्पष्ट दिसते. परंतु हात अजून मातीचा आहे. त्याच सुमारास, १९०७-०८ मध्ये, त्याने 'चुंबन' कोरले. दगडाचा एक ठोकळा, त्यात कंबरेपर्यंतच्या दोन व्यक्ती, एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या की दोघींचे डोळे मिळून एकच डोळा व्हावा. येथे आलिंगन हा विषय आहे असे म्हणण्यापेक्षा ठोकळ्याचे न फुटणे हाच विषय आहे असे म्हणावे. ठोकळ्याच्या चारही बाजू जवळजवळ शाबूत आहेत. कोरणाऱ्याने आत फार शिरावयाचे नाही अशी जणू शपथ घेतली आहे, आणि जे थोडे कोरले आहे, केसांच्या लाटा, बोटांच्या ओळी, तेही पृष्ठाला बिलगूनच राहते. रोदँच्या प्रेमिकांभोवती हवा खेळते. येथे दोघांच्या मध्ये हवेला वाव नाही. ह्या कल्पनेला ब्रांकुशी पुढे अनेकदा परतला. तिची परिचित रूपे, १९०९ मधील माँपार्नासच्या स्मशानातील समाधिशिल्पापासून तिर्गु-जिउच्या प्रवेशद्वारापर्यंत, सारी दगडाची आहेत. ब्राँझला आतून पोकळ राहता येते. न फुटलेल्या ठोकळ्याचे नाट्य त्यात कसे संभवणार?

एवढ्यावरून ब्रांकुशीला थेट कोरणीचा कट्टर पुरस्कर्ता ठरविण्याचा मोह होतो, आणि अनेकांना तो झालाही आहे. पुढची जोडशिल्पे पाहता त्या मताला मुरड घालावी लागते. १९०९-१० मधील संगमरवरी 'निद्रिस्त कलादेवी' घेतली तर क्रम असा दिसतो: प्रथम संगमरवर, त्यावरून प्लास्टर, आणि त्या प्लास्टरवरून १९१० पासूनची ब्राँझशिल्पे. जुन्या पद्धतीत माती आधी आणि पाषाण शेवटी. येथे पाषाण आधी आणि ब्राँझ शेवटी. म्हणजे ब्रांकुशीने मातीची जागा पाषाणाला दिली. हा बदल केवळ क्रमाचा नाही. मातीत आकार वाढत जातो, बोट दाबले की तो बदलतो, चुकले तर पुन्हा लिंपता येते. पाषाणात आकार घटत जातो आणि प्रत्येक घाव कायमचा असतो. कलादेवीच्या मस्तकावर नाकाची रेषा, भुवयांची कड आणि मिटलेल्या पापण्या ह्यांचा जो पुसट उठाव आहे, तो मातीत काम करणाऱ्याला सुचणे अवघड. कारण माती नेहमी थोडे अधिक सांगावयास लावते. कोरणारा मात्र कोठेही थांबू शकतो. पाषाणात मिळविलेली ही थांबण्याची कला ब्रांकुशीने ब्राँझमध्ये नेली. परंतु ती तेथे नेल्यावर तशीच राहिली नाही, हा प्रश्नाचा गाभा आहे.

ह्या बाबतीत एक असाधारण पुरावा न्यायालयाच्या दप्तरात शिल्लक आहे. १९२६ साली छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन ह्याने विकत घेतलेला ब्राँझचा 'अवकाशातील पक्षी' न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला. मूळ कलाकृतीवर जकात नव्हती. परंतु जकात अधिकाऱ्यांना ह्या वस्तूत पक्षी दिसेना, आणि त्यांनी ती धातूच्या उपयुक्त वस्तूंच्या वर्गात, स्वयंपाकाची भांडी व रुग्णालयीन उपकरणे ह्यांच्या पंक्तीला बसवून ४० टक्के जकात आकारली. खटला चालला आणि २६ नोव्हेंबर १९२८ रोजी निकाल ब्रांकुशीच्या बाजूने लागला. हा निकाल आधुनिक कलेचा विजय म्हणून सांगितला जातो, आणि तो तसा आहेही. तथापि साक्षींच्या आड जो दुसरा वाद चालू होता त्याकडे क्वचितच लक्ष जाते. धातूची एक लांबट कांब कानस मारून, घासूनपुसून चकचकीत करणे हे एखाद्या कुशल कारागिराला जमणार नाही काय, असा प्रतिपक्षाचा रोख होता. शिल्पकार जेकब एपस्टाइन ह्याने त्याला उत्तर दिले, त्याचा आशय असा की, कारागीर झिलई देऊ शकेल, पण वस्तूची कल्पना त्याला करता येणार नाही. उत्तर चतुर होते आणि खटल्याला उपकारक होते. परंतु त्यात शिल्पाचे शिल्पपण कल्पनेत ठेवले गेले आणि झिलई कारागिराच्या वाट्याला सोडून दिली गेली.

खुद्द ब्रांकुशीने पॅरिसहून दिलेल्या शपथपत्राचा कल नेमका उलट आहे. ह्या पक्ष्याची कल्पना १९१० पासूनची असल्याचे तो नमूद करतो, पण त्याचा भर पुढच्या मजकुरावर आहे. प्लास्टरचा नमुना आपण केला, तो मिश्रधातूच्या प्रमाणासह ओताऱ्याकडे दिला, ओबडधोबड ओतीव हाती आल्यावर त्यातील हवेची छिद्रे आणि गाभ्याचे भोक बुजविले, दोष सुधारले, आणि मग कानशीने व अतिशय बारीक कुरुंदाने सबंध ब्राँझ स्वहस्ते घासून घोटले, असा त्याचा तपशील आहे. ओताऱ्याकडून आलेली वस्तू त्याच्या लेखी अजून शिल्प नव्हती. ती खाणीतून आलेल्या दगडासारखी होती. ओतीव पृष्ठावर पुन्हा कानस चालवायची म्हणजे धातू पुन्हा घटवायचा. तेव्हा ब्राँझमध्येही ब्रांकुशी शेवटी कोरणाराच राहिला, हे ह्या शपथपत्रावरून दिसून येते. दोन्ही द्रव्यांत हात एकाच जातीचा. मात्र तो हात ज्या टोकाला पोचतो ती टोके भिन्न आहेत.

ही भिन्नता झिलईत आहे. संगमरवर घोटला असता त्याच्या पृष्ठात थोडा प्रकाश शिरतो आणि आतल्या कणांवरून मऊ होऊन परततो. त्यामुळे छाया हळूहळू दाटत जाते, उठाव कळतो, आणि डोळ्याला वस्तूचे भरीवपण जाणवते. घोटलेला संगमरवर आपल्या आत वळलेला असतो. ब्राँझ आरशासारखे घोटले की प्रकाश आत शिरतच नाही. तो जसा येतो तसा फेकला जातो. पृष्ठावर छाया उरत नाही, प्रतिबिंबे उरतात: खिडकी, छत, शेजारचा दगड, आणि पाहणारा स्वतः. पाहणारा एक पाऊल सरकला की ही सारी प्रतिबिंबे वळणावरून ओघळत जातात. वस्तूची कड कोठे संपते आणि खोली कोठे सुरू होते हे सांगणे कठीण होते. सारांश, पाषाणात ब्रांकुशीची झिलई वस्तुमानाला एकवटते, आणि ब्राँझमध्ये तीच झिलई वस्तुमान नाहीसे करते. एकाच आकारावर चाललेल्या ह्या दोन परस्परविरुद्ध क्रिया आहेत. म्हणून ब्राँझ हे पाषाणाचे भाषांतर आहे असे म्हणणे बरोबर नाही. एकाच पूर्वपक्षाला दिलेली ती दोन उत्तरे आहेत.

'कुमारी पोगानी' ह्या शिल्पात हे फार स्पष्टपणे पाहावयास मिळते. मार्गिट पोगानी ही पॅरिसमध्ये शिकणारी हंगेरियन चित्रकर्ती ब्रांकुशीपुढे अनेकदा बसली होती. मात्र १९१२ मधील संगमरवरी मस्तक ती निघून गेल्यावर, आठवणीतून कोरलेले आहे. अंड्याच्या आकाराचे मस्तक, चेहऱ्याचा बहुतेक भाग व्यापणारे विशाल डोळे, गालाशी जोडून धरलेले हात. संगमरवरात केस आणि कपाळ ह्यांच्यातला भेद केवळ पृष्ठाच्या वळणाने आणि त्यावर पडणाऱ्या छायेने सांगितलेला आहे. वर्ण एकच आहे. १९१३ च्या ब्राँझमध्ये हा मार्ग बंद होतो, कारण आरशासारख्या पृष्ठावर मृदू छाया पडतच नाही. तेथे ब्रांकुशीने केसांना काळ्या रसायनाचा लेप दिला आणि चेहरा सोन्यासारखा उजळला. परिणामी ब्राँझच्या पोगानीत एक विलक्षण ठसका आला आहे. ती अधिक नागर, अधिक सावध, जवळजवळ मिस्किल दिसते. संगमरवरी पोगानी विचारात बुडालेली दिसते. केवळ आकार मोजला तर दोन्ही मस्तके जवळजवळ एकच आहेत. स्वभाव मात्र एक नाही, आणि ह्या फरकाचे श्रेय द्रव्याखेरीज दुसऱ्या कशालाही देता येणार नाही.

'राजकन्या क्ष' ह्या शिल्पाचे ब्राँझरूप १९२० साली पॅरिसच्या स्वतंत्र कलावंतांच्या प्रदर्शनातून अश्लीलतेच्या आरोपावरून दूर करण्यात आले. लवलेली मान आणि वक्ष ह्यांचा तो आकार संगमरवरात आपले स्त्रीरूप बऱ्याच अंशी सांभाळतो. झळाळत्या धातूत मानेचा बाक आणि दोन गोल एवढेच डोळ्यात भरते, आणि पाहणाऱ्याला दुसरेच काही आठवते. आरोपाचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण आकार तोच असता अर्थ सरकू शकतो ह्याचे हे ढोबळ उदाहरण आहे.

सर्वच जोड्या सारख्या यशस्वी आहेत असे मात्र नव्हे. १९३० चा निळसर करड्या संगमरवरातील 'मत्स्य', सुमारे १८० सेंटीमीटर लांबीचा, ब्रांकुशीच्या श्रेष्ठ कृतींत गणावा लागेल. दगडाच्या शिरा मत्स्याच्या लांबीच्या दिशेने वाहतात आणि मत्स्य व पाणी ह्यांतला भेदच नाहीसा करतात. दगड मुळात जसा होता तसाच येथे विषय झाला आहे. त्याच्या शेजारी १९२० नंतरच्या दशकातला ब्राँझ मत्स्य ठेवला तर तो केवळ तकतकीत वाटतो. झिलईदार चकतीवर त्याचे प्रतिबिंब पडावे, म्हणजे पाण्याचा भास व्हावा, ही योजना कल्पक आहे. परंतु जे काम संगमरवराच्या शिरा मुकाट्याने करतात, ते येथे चकतीकडून करवून घ्यावे लागले आहे. 'लीडा'चे तसे नाही. १९२० च्या संगमरवरी लीडेत दोन घनाकार एकमेकांत रुतलेले आहेत आणि तोल काहीसा अडखळलेला वाटतो. १९२६ च्या ब्राँझ लीडेला ब्रांकुशीने घोटीव चकतीवर बसवून कार्यशाळेत यंत्राच्या साहाय्याने सावकाश फिरत ठेवले. तिच्या अंगावरून सारी खोली वाहत जाते, आणि तोलाचा प्रश्नच उरत नाही. यंत्राचा आधार घेणे शिल्पकाराला शोभते काय असा आक्षेप निघू शकेल. पण प्रतिबिंब हेच जर द्रव्य मानले, तर त्याला गती देणे हे ओघानेच येते.

'अवकाशातील पक्षी' ही मालिका ह्या सर्व विवेचनाची कसोटी होय. १९१० च्या सुमारास आरंभिलेला 'माइआस्त्रा', रूमानियन लोककथांतला जादूचा पक्षी, छाती फुगवून चोच उघडून उभा आहे. तो अजून पक्षी आहे. १९२३ साली पहिला संगमरवरी 'अवकाशातील पक्षी' आला, आणि १९४० नंतरच्या दशकापर्यंत सात संगमरवरी व नऊ ब्राँझ अशी सोळा रूपे सिद्ध झाली. ती सोळा प्रती नव्हेत. प्रत्येक वेळी उंची, जाडी, पायाजवळची कृशता आणि माथ्यावरचा तिरका छेद ह्यांत बदल आहे. १९२३ चा संगमरवरी पक्षी बैठकीसकट सुमारे १४४ सेंटीमीटर उंच आहे. पुढे पक्षी उंच आणि सडपातळ होत गेला. येथे द्रव्याचा प्रश्न केवळ डोळ्यांचा राहत नाही, वजनाचा होतो. संगमरवर दाब उत्तम सोसतो, पण वाक सोसत नाही. आकाराची सर्वांत रुंद जागा वर आणि सर्वांत अरुंद जागा खाली, अशी ही रचना पाषाणाच्या स्वभावाविरुद्ध आहे. पायाजवळचा प्रत्येक बोटभर दगड काढताना सबंध काम मोडण्याची भीती. ब्राँझ चिवट आहे, आणि आतून पोकळ ठेवता येत असल्याने त्याला हा भार तितका जाणवत नाही. तेव्हा द्रव्याशी इमान ह्या तत्त्वाचा सरळ अर्थ घेतला तर ब्रांकुशीने हा पक्षी दगडात कोरावयासच नको होता. तरीही त्याने तो सातदा कोरला. पाषाणाला जे जमत नाही ते त्याच्याकडून करवून घेताना जो ताण निर्माण होतो, तोच संगमरवरी पक्ष्याचे सौंदर्य आहे. जड वस्तू उठत आहे हे तेथे दिसते. ब्राँझचा पक्षी उठत नाही, तो आधीच गेलेला असतो. तेथे ज्वालेसारखी एक रेघ मात्र मागे राहते.

ब्रांकुशी आपल्या शिल्पांची छायाचित्रे स्वतः घेत असे. मान रे ह्याच्याकडून त्याने छायाचित्रणाची साधने व त्यांचा उपयोग समजून घेतला होता. त्या छायाचित्रांत ब्राँझ पक्ष्यावर तो असा उजेड पाडतो की मधोमध प्रकाशाचा स्फोट व्हावा आणि आकाराची कड जळून जावी. धंदेवाईक छायाचित्रकाराने ही दोषी काच म्हणून टाकून दिली असती. संगमरवरी शिल्पांच्या बाबतीत तो असे क्वचितच करतो. तेथे उजेड बाजूने येतो आणि वस्तू सावकाश वळते. दोन द्रव्यांविषयीची त्याची भिन्न दृष्टी त्याच्या कॅमेऱ्याने जितकी उघड सांगितली आहे, तितकी त्याच्या नावावर खपणाऱ्या सुभाषितांनी सांगितलेली नाही. ही सुभाषिते समीक्षेने जरा कमी वापरली तर बरे होईल.

द्रव्याशी इमान हे तत्त्व पुढे इंग्लंडात हेन्री मूरने उचलले आणि १९५१ पर्यंत त्यानेच त्याची धार बोथट केली. ह्या तत्त्वालाच कसोटी मानले तर मुलांनी केलेला बर्फाचा बाहुला बेर्निनीपेक्षा श्रेष्ठ ठरेल, असा त्याचा युक्तिवाद होता. युक्तिवाद बिनतोड आहे. परंतु त्याने ब्रांकुशीचा प्रश्न सुटत नाही, कारण ब्रांकुशी द्रव्याची आज्ञा पाळत नव्हता. तो द्रव्याला उत्तर देत होता. मराठी वाचकाला येथे मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' ह्या ग्रंथातील लयविचार आठवेल. संवाद, विरोध आणि समतोल ह्या संबंधांतून घाट सिद्ध होतो असे त्यांनी मांडले. ह्या विचाराचे बोट धरून शिल्पाकडे येणारा अभ्यासक बहुधा आकारा-आकारांतले संबंध मोजतो आणि द्रव्याला संबंधाबाहेर ठेवतो. ब्रांकुशीच्या जोडशिल्पांवरून असे दिसते की, द्रव्य हे स्वतःच संबंधाचे एक अंग आहे. संगमरवरी पक्ष्यात आकार आणि द्रव्य ह्यांच्यात विरोध आहे. ब्राँझ पक्ष्यात त्यांच्यात संवाद आहे. घाटाचे गणित बाह्यरेषेवरून मांडले तर दोन्ही पक्षी एकच ठरतील, आणि मग गणितच चुकले असे म्हणणे प्राप्त होईल.

ह्या वादाला व्यावहारिक बाजूही आहे. ब्रांकुशी १९५७ च्या मार्चमध्ये वारला. आदल्या वर्षी त्याने आपली कार्यशाळा फ्रेंच शासनाला देऊन टाकली होती. परंतु त्याच्या वारसांच्या अनुमतीने काही प्लास्टरांवरून त्याच्या मृत्यूनंतरही ब्राँझ ओतले गेले. कायद्याच्या दृष्टीने त्यांचे स्थान काय, हा कायदेपंडितांचा विषय. कलादृष्ट्या एवढे निश्चित की, ज्याने ओताऱ्याकडून आलेली वस्तू कच्चा माल मानली, त्याचा हात ह्या ब्राँझांवरून फिरलेला नाही. सार आकारात असते असे मानणाऱ्याला ह्या ओतिवांना नाकारण्यास काहीच आधार नाही. एपस्टाइनच्या उत्तराची किंमत येथे मोजावी लागते.

पाषाण आणि ब्राँझ एकाच वेळी, एकाच ठिकाणी उभे करण्याची संधी ब्रांकुशीला दोनदा आली. तिर्गु-जिउ येथे १९३७-३८ मध्ये त्याने दगडाचे 'मौनाचे मेज' आणि 'चुंबनाचे द्वार' एका टोकाला, तर सुमारे २९ मीटर उंचीचा 'अनंत स्तंभ' दुसऱ्या टोकाला उभा केला. स्तंभ ओतीव लोखंडाचा असून त्यावर वितळलेल्या पितळेचा मुलामा चढविला होता. येथे दोन द्रव्ये एकमेकांपासून दूर ठेवून त्याने त्यांची कामे वाटून दिली आहेत: माणसे बसतात, भेटतात, आलिंगतात ते दगडात, वर जाणे हे धातूत. तुलना करण्याचे कारणच ठेवलेले नाही.

दुसरी संधी इंदूरची. महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांची आधुनिक युरोपीय कलेतील रुची 'माणिक बाग' प्रासादावरून प्रसिद्ध आहे. तो प्रासाद एकार्ट मुथेसियस ह्या जर्मन वास्तुकाराने सजविला होता. महाराजांनी प्रथम ब्राँझचा एक 'अवकाशातील पक्षी' घेतला आणि १९३३ च्या सुमारास संगमरवरी आणखी दोन सांगितले, एक पांढरा व एक काळा. तिन्ही पक्षी एका ध्यानमंदिरात ठेवावयाचे अशी योजना होती आणि मंदिराचा आराखडा ब्रांकुशीनेच करावयाचा होता. त्यासाठी १९३७ च्या अखेरीस तो भारतात आला आणि इंदूरला राहिला. त्याच वर्षी महाराणी संयोगिताबाईंचा मृत्यू झाला होता. मंदिराचे काम सुरूच झाले नाही आणि १९३८ च्या आरंभी ब्रांकुशी परतला.

मंदिर झाले असते तर तीन पक्ष्यांतला काळा पक्षी सर्वांत बोलका ठरला असता. येथवर केलेल्या विवेचनाला तो अडचणीचा आहे, म्हणूनही तो महत्त्वाचा. काळा संगमरवर घोटला असता पांढऱ्यासारखा प्रकाश आत घेत नाही. तो जवळजवळ धातूप्रमाणे तो परत फेकतो, आणि त्याच्या अंगावर खिडकीचे प्रतिबिंब उमटते. तो पाषाण आहे, भरीव आहे, मोडण्याच्या भीतीतून कोरलेला आहे. तरी डोळ्याला तो ब्राँझच्या बाजूचा वाटतो. प्रतिबिंब आहे, पण झळाळी नाही. वस्तुमान विरघळते, पण उजेडात नव्हे, काळोखात. पांढरा एकवटतो, ब्राँझ उधळतो, आणि काळा ह्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभा आहे. महाराजांच्या मागणीत काळ्या दगडाचा आग्रह कोणी धरला हा प्रश्न चरित्रदृष्ट्या गौण आहे. ब्रांकुशीने तो कोरताना पांढऱ्याचीच मापे घेतली नाहीत, ही गोष्ट मात्र गौण नाही: दोन्ही १८० सेंटीमीटरहून उंच असून काळा पक्षी पांढऱ्याहून थोडा अधिक उंच आहे. हे दोन्ही संगमरवरी पक्षी १९७३ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहाने घेतले आणि ते कॅनबेरा येथे आहेत. ब्राँझचा पक्षी कॅलिफोर्नियात, पासाडेना येथील नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे.